सुट्या बाह्यांचा फ्रॉक

माझ्या थोरल्या जाऊबाईंना आमच्या भागात नावानं कुणी ओळखत नाही. सगळे त्यांना डागवाली म्हणतात. त्या एका मोठ्या लॉन्ड्रीत डागाच्या टेबलावर काम करतात. माणसं पिशवी घेऊन येतात, तोंड पाडून काउंटरपाशी उभी राहतात आणि विचारतात, "डागवाल्या बाई आहेत का आज?" नसतील तर पिशवी घेऊन परत जातात. मालकांना याचा रागही येतो आणि अभिमानही वाटतो.

मी त्यांची धाकटी जाऊ. एकाच इमारतीत राहतो, त्या वर आणि मी खाली. सासूबाई वर राहतात, आणि वरच्यांवर रुसल्या की खाली. मी घरात शिवणयंत्र टाकलंय. बाह्या आखूड करणं, चेन बदलणं, कंबर सैल करणं, अशी दुरुस्तीची कामं घेते. तोंडानं मी फटकळ आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी नाक मुरडायला नको.

जाऊबाई तशा नाहीत. त्या आधी बघतात आणि मग बोलतात, आणि या दोन्हींच्या मधे इतका वेळ जातो की समोरच्याला वाटतं, बाईंना ऐकू आलं नाही. टेबलावर त्यांची पद्धत ठरलेली आहे. कापड पसरायचं, डागाखाली पांढरा रुमाल ठेवायचा, वास घ्यायचा, उजेडात धरायचं. मग गिऱ्हाइकाला विचारायचं: काय सांडलं, कधी सांडलं, आणि त्यावर तुम्ही काय काय केलंत? हा शेवटचा प्रश्न खरा. कारण घाबरलेला माणूस डागावर गरम पाणी ओततो, मीठ चोळतो, ब्रशनं घासतो आणि लाजेपायी ते सांगत नाही. डाग बहुतेक वेळा निघतो, घाबरून केलेलं निघत नाही, असं जाऊबाई म्हणतात. शिवाय काहीही लावायचं ते आधी आतल्या शिवणीवर, कुणाला दिसणार नाही अशा जागी, एक थेंब. मग थांबायचं. दोन औषधं एकदम लावायची नाहीत, कारण रंग उडाला तर कशानं उडाला ते कळणार कसं?

तर एवढं सगळं कळणारी ही बाई स्वतःच्या घरात शिरली की सगळं विसरली. ती हकीकत सांगायची आहे.

त्यांना एकच मुलगी. आम्ही तिला मुंगी म्हणतो, कारण रांगायला लागल्यापासून ती जमिनीवरचा कणन् कण उचलून कुठेतरी नेऊन ठेवायची. मुंगी पाच वर्षांची झाली आणि तिच्या कोपरांच्या आतल्या बाजूला, गुडघ्यांच्या मागे आणि मानेवर लाल चट्टे उठायला लागले. खाजवून खाजवून कातडी सोलून निघायची. झोपेतसुद्धा पोरगी स्वतःला ओरबाडायची. शाळेत तिच्या शेजारी बसायला मुलं कां कूं करायला लागली. एकदा ती मला म्हणाली, "काकू, मला पूर्ण बाह्यांचे फ्रॉक शिव. उन्हात पण चालतील." मी मान खाली घालून यंत्र चालवत राहिले.

घरात असं काही झालं की माणसं कारण शोधत नाहीत, गुन्हेगार शोधतात. आमच्याकडे तो आयताच सापडला. जाऊबाई कामावरून येत तेव्हा त्यांच्या कपड्यांना लॉन्ड्रीतल्या रसायनांचा वास असायचा, थोडा रॉकेलसारखा, थोडा गोडसर. सासूबाईंनी एका झटक्यात निकाल दिला. "दिवसभर विष हाताळायचं आणि त्याच हातांनी लेकराला घ्यायचं. अंगावर उठेल नाहीतर काय होईल?" शेजारीण म्हणाली, आई दिवसभर बाहेर असली की मुलं मनाला लावून घेतात, तेच मग असं बाहेर पडतं. माझे मोठे दीर शाळेची बस चालवतात. स्वभावानं गरीब आहेत, म्हणजे घरात वाद सुरू झाला की त्यांना बसचं टायर आठवतं. ते टायर बघायला गेले.

जाऊबाईंनी एकालाही उलट उत्तर दिलं नाही. मला राग यायचा तो याचाच. टेबलावर जी बाई गिऱ्हाइकाच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही, तिनं इथे आरोप जसाच्या तसा पदरात घेतला. कामावरून आल्या की आंघोळ केल्याशिवाय त्या मुंगीला जवळ घेईनाशा झाल्या. पोरगी हात पसरून दारात उभी, आणि ह्या भिंतीला चिकटून, हात वर धरून बाथरूमकडे. मी हे एकदा जिन्यातून बघितलं आणि खाली येऊन रडले.

जोडीला धुणं सुरू झालं. मुंगीच्या अंगाला लागणारं प्रत्येक कापड रोज धुवायचं. लॉन्ड्रीतली जोरदार पावडर आणून दोनदा घुसळून काढायचं, आणि शेवटच्या पाण्यात ते कपडे मऊ करणारं सुगंधी द्रावण ओतायचं. लॉन्ड्रीत हॉटेलांच्या टॉवेलांना ते वापरतात, आणि सगळे त्याला मऊवालं म्हणतात. पोरीच्या सोललेल्या अंगाला कापड घासू नये, हा हेतू. चट्टे वाढले की जाऊबाई आणखी धुवायच्या. वरच्या गॅलरीत वाळणारे ते इवलेसे फ्रॉक इतके मऊ, इतके सुवासिक असायचे की आमच्या घरचे कपडे बघून मला माझीच लाज वाटायची.

त्वचेच्या डॉक्टरांकडे आम्ही दोघी मुंगीला घेऊन गेलो. डॉक्टर शांत होत्या. म्हणाल्या, काही मुलांची कातडी मुळातच कोरडी आणि हळवी असते, त्यात कुणाचा दोष नसतो. मलम दिलं. "पण कशानं वाढतंय ते शोधायला हवं. बऱ्याच गोष्टी असू शकतात, एकेक करून बघायच्या. घरात नवीन काय आलंय?"

"माझी नोकरी," जाऊबाई म्हणाल्या. "म्हणजे आहे जुनीच. पण रसायनांची आहे."

"ते बघू. कपडे कशात धुता?"

"कपडे अगदी स्वच्छ असतात तिचे," जाऊबाई म्हणाल्या.

मीही शेजारी बसून मान डोलावली. धुण्याचं काम करणाऱ्या बाईला धुणं म्हणजे काहीतरी काढणं वाटतं. त्यात आपण काही घालतो, हे तिच्या मनात येत नाही. डॉक्टरांनी पुढच्या वेळी घरात वापरत असलेल्या सगळ्या वस्तू आणायला सांगितल्या होत्या. पण पुढच्या वेळेच्या आधीच घरात बैठक बसली.

बैठकीला कारण मालकांनी दिलं होतं. ते दुसरीकडे नवी लॉन्ड्री काढत होते आणि तिथलं डागाचं टेबल त्यांना जाऊबाईंच्या हाती द्यायचं होतं. दोन मुली हाताखाली, शिकवायला. जाऊबाई हे सांगायला उत्साहानं घरी आल्या, आणि सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे आणखी विष." शेवटी ठरलं असं, की सुट्टीपुरतं मुंगीला तिच्या आत्याकडे, म्हणजे आमच्या नणंदेकडे, हवापालटाला पाठवायचं. ती आईपासून लांब राहून बरी झाली तर काय ते कळेलच.

आमच्या वन्संचं घर बसनं तासाभरावर आहे. माणूस सोन्यासारखी, पण घरकाम म्हटलं की त्यांच्या अंगावर काटा येतो. घरात दोन मांजरी, तीन मुलगे, आणि कोपऱ्यात कोपऱ्यापेक्षा जुनी धूळ. मी म्हटलं, पोरगी तिथून लालभडक होऊन येणार. पण मुंगी तिथे गेली आणि बघता बघता चट्टे फिके पडले, नवी कातडी धरायला लागली. वन्संनी फोनवर कौतुकानं सांगितलं की पोर बनियनवर हुंदडतेय. इतकी आनंदाची बातमी, आणि ती ऐकताना जाऊबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बघितलंस?" सासूबाई म्हणाल्या. "घर सोडलं आणि बरी झाली."

पुरावाच होता तो. शाळा उघडायच्या आत ठरवायचं होतं. एक तर मुंगीचं नाव आत्याच्या गावातल्या शाळेत घालायचं, नाहीतर जाऊबाईंनी काम सोडायचं. पोरीला कायमची दुसऱ्याच्या घरी ठेवायची कल्पना जाऊबाईंना सोसेना. त्यांनी मालकांना सांगून टाकलं की महिनाअखेर मी येणं बंद करते. मालक म्हणाले, नीट विचार करा. त्या म्हणाल्या, केला. खोटं होतं. विचार केलाच नव्हता, फक्त वाईट वाटून घेतलं होतं. आणि मला स्वच्छ दिसत होतं, की ते टेबल सुटलं तर ही बाई आतून मिटून जाईल. चार माणसांत तोंड न उघडणाऱ्या जाऊबाई त्या टेबलापाशी ताठ उभ्या राहायच्या, आणि माणसं त्यांचं ऐकायची. ते त्यांना दुसरीकडे कुठेच मिळत नव्हतं.

दर आठवड्याला सुट्टीच्या दिवशी, आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून त्या मुंगीला भेटायला जायच्या. एका सुट्टीच्या दिवशी मालकांनी लग्नाचे कपडे आलेत म्हणून सकाळी बोलावून घेतलं. काम लांबलं, बस सुटायची वेळ झाली, आणि जाऊबाई कामाच्या कपड्यांतच धावत बस गाठून वन्संकडे पोचल्या. दारात मुंगी. "मी हात लांब धरून उभी राहिले गं," त्या मला नंतर म्हणाल्या, "पण ती झाडावर चढावी तशी माझ्यावर चढली. मला ढकलवेना." दुपारभर पोरगी त्यांच्या मांडीवर होती. उघडे हात आईच्या गळ्यात टाकून, खांद्यावर गाल टेकून झोपली. आणि जाऊबाई जीव मुठीत धरून बसून राहिल्या, जणू मांडीवर पोर नसून आपला गुन्हाच झोपलाय.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन केला. वन्सं म्हणाल्या, काही नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा केला. वन्सं म्हणाल्या, "अगं ठणठणीत आहे ती, मांजरीच्या शेपटीला रिबीन बांधतेय. तुला झालंय काय?"

जाऊबाई खाली माझ्याकडे आल्या आणि यंत्राजवळच्या स्टुलावर बसल्या. माझी एक अख्खी चेन बसवून झाली तरी गप्प. मग म्हणाल्या, "कामाचा वास अंगावर घेऊन मी तिला मांडीवर घेतलं. काही झालं नाही."

"बरं मग?"

"मग ते नाही. माझं काम नाही. एकदाच झालंय म्हणा. पुढच्या वेळी पण अशीच जाते, मुद्दाम. पण मला वाटतं ते नाही."

"मग तिथे बरी का झाली?"

"तेच. मी एकच गोष्ट धरून बसले. तिथे तर सगळंच वेगळं आहे. हवा वेगळी, पाणी वेगळं, अंथरूण वेगळं."

"सासूबाई नाहीत तिथे," मी म्हटलं. "माझं मत विचाराल तर कारण तेच."

कितीतरी दिवसांनी त्या हसल्या. मग एकदम म्हणाल्या, "वन्सं कपडे कसे धुतात बघितलंस?"

"वन्सं कपडे धुतात?"

"एकदा बुचकळतात, एकदा पिळतात, टाकतात दोरीवर. टॉवेल असले खरखरीत की उभे केले तर उभे राहतील. मी त्या दोरीकडे बघत होते. असल्या कपड्यांत पोरगी वावरतेय आणि अंगावर चट्टा नाही." मग म्हणाल्या, "टेबलावर मी प्रत्येकाला विचारते, डागावर तुम्ही काय काय केलंत. मला कुणी विचारलंच नाही."

"विचारलं होतं," मी म्हटलं. माझ्या तोंडाला कुठली कळ? "डॉक्टरांनी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, कपडे स्वच्छ असतात. आणि मी मान डोलावली."

जाऊबाई कानापर्यंत लाल झाल्या. दुसऱ्याच दिवशी त्या पावडरीचा डबा आणि मऊवाल्याचा कॅन पिशवीत घालून डॉक्टरांकडे गेल्या, मला बरोबर घेऊन. डॉक्टरांनी कॅनवरचं वाचलं, वास घेतला. म्हणाल्या, "असू शकतं. नसूही शकतं. बघायचं असेल तर थोड्या जागेवर, थोडे दिवस. लाली दिसली की लगेच बंद आणि मलम. जखम होऊ द्यायची नाही." जाऊबाईंनी आधी ते स्वतःच्या हातावर बघितलं होतं, पण त्यांचे हात इतकी वर्षं असल्या गोष्टींत बुडालेले, त्यांना काय होणार? मुंगीवरच बघावं लागणार होतं.

युक्ती त्यांची, शिलाई माझी. मी जुन्या मऊ सुती चादरीतून मुंगीला एक बिनबाह्यांचा फ्रॉक शिवला आणि त्याच कापडाच्या पूर्ण बाह्यांच्या बऱ्याच जोड्या. बाह्या फ्रॉकला टिचबटणांनी लावायच्या आणि काढायच्या. एका हाताची बाही जाऊबाईंच्या पद्धतीनं धुतलेली, जोरदार पावडर, शेवटी मऊवालं. दुसऱ्या हाताची वन्संच्या पद्धतीनं, म्हणजे जवळजवळ न धुतलेली. कुठली कुठली ते कळावं म्हणून मी आतून वेगवेगळ्या रंगाचा एकेक टाका घातला.

"धुणं पण तूच कर," जाऊबाई म्हणाल्या. "आणि कुठल्या हाताला कुठली, ते मला सांगू नकोस."

"का? तुमचीच तर मुलगी."

"म्हणूनच. मला माहीत असलं तर मला दिसेल. हातावर काही नसलं तरी दिसेल."

धुतलेल्या जोड्या मी वन्संकडे पोचवल्या आणि कुठल्या रंगाच्या टाक्याची बाही कुठल्या हाताला घालायची तेवढं सांगितलं, कुठली कशी धुतलीय ते नाही. त्यांनी फक्त रोज आंघोळीच्या वेळी दोन्ही हात बघायचे आणि फोन करायचा. मुंगीला मी सांगितलं की कुठली बाही तुला आवडत नाही ते आपण शोधतोय, खाज आली की लगेच आत्याला सांगायचं. तिला फार मजा वाटली. टिचबटणं उघडझाप करण्यातच तिचा अर्धा दिवस जायचा म्हणे.

सासूबाई मात्र भडकल्या. "लेकराच्या अंगावर प्रयोग करतेस? आई आहेस का कोण आहेस?" खरं सांगायचं तर मलाही ते आत कुठेतरी टोचलं होतं. मुद्दाम पोरीच्या अंगावर खाज उठवायची म्हणजे काय?

"प्रयोग आपण वर्षभर करतोच आहोत, आई," जाऊबाई म्हणाल्या. "फक्त बघत नव्हतो."

मग सासूबाई रुसून माझ्याकडे राहायला आल्या, आणि आल्या त्या माझ्याकडून काढून घ्यायला. "मला तरी सांग. मी कुणाला सांगणार नाही." मी म्हटलं, "आई, तुमचं कुणाला न सांगणं म्हणजे गच्चीवरून ओरडून सांगणं." त्या दिवशी त्या माझ्यावरही रुसल्या, आणि राहायला तिसरं घर नसल्यामुळे स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून बसल्या.

काही दिवसांनी, मी वर पडदे द्यायला गेले होते तेव्हा, वन्संचा फोन आला. जाऊबाईंनी ऐकलं आणि फोन कानाला तसाच धरून माझ्याकडे बघितलं. "उजव्या कोपराच्या आत लाल झालंय. खाजतंय म्हणते. डावा हात स्वच्छ आहे." दीर होते, माझ्यावर रुसून परत वर गेलेल्या सासूबाईही होत्या. सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. मला क्षणभर वाटलं, गप्प बसावं. त्या बाईनं ते कपडे किती जिवापाड धुतले होते ते मी बघितलं होतं. पण एवढं करून मग गप्प बसायचं होतं तर शिवण कशाला घातली?

"उजवी तुमची," मी म्हटलं. "पावडर आणि मऊवालं."

जाऊबाई जमिनीवर बसल्या आणि रडल्या. हुंदके देऊन, आवाज न दाबता. वर्षभर कुणी काहीही बोललं तरी ज्या रडल्या नव्हत्या, त्या. आणि सासूबाईंना तेवढ्यात सुचलं, "म्हणजे शेवटी तूच केलंस."

माझ्या तोंडाचा पट्टा सुटणारच होता, पण जाऊबाईंनी हात वर केला. "हो आई. मीच केलं. वाईट वाटायचं म्हणून धुवायचे. धुतलं की वाढायचं, वाढलं की जास्त वाईट वाटायचं. सगळं मीच केलं." मग त्यांनी तोंड पुसलं. "ती बाही काढा म्हणावं वन्संना, आणि मलम लावा. हात पूर्ण बरा झाला की मग उलट करायचं. डाव्याची उजव्याला, उजव्याची डाव्याला."

"आता कशाला?" दीर म्हणाले. "कळलं ना."

"एकदा कळलं. उजव्या हातानं ती जास्त खेळते. घाम येत असेल, घासत असेल. मला नक्की कळायला हवंय. यावर मी नोकरी सोडणार होते, तुम्ही पोर देणार होतात."

हे शेवटचं वाक्य त्या इतक्या सरळ आवाजात म्हणाल्या की दिरांनी खाली बघितलं.

उलट केलं. या खेपेला डावा हात लाल झाला, उजवा स्वच्छ. वन्संचा फोन दिरांनीच घेतला. मला वाटलं आता यांना टायर आठवणार. पण ते उठले, बसची किल्ली ठेवून दिली, चपला घातल्या आणि म्हणाले, "मी तिला आणायला जातो."

जाऊबाई मालकांकडे गेल्या. येणं बंद करणार नाही, नवं टेबल घेते, असं सांगितलं. मालकांनी त्यांच्या जागी कुणाला बघितलंच नव्हतं.

आता मुंगीची कातडी काही रेशमासारखी झाली नाही. डॉक्टर म्हणाल्या होत्या ते खरंच आहे, ती मुळातच हळवी आहे. थंडीत कोरडी पडते, मलम रोज लावावं लागतं, आणि मधूनच कुठेतरी एखादा चट्टा डोकं वर काढतो. पण पोरगी रात्रभर झोपते, आखूड बाह्या घालते आणि शाळेत दोन्ही बाजूंना मुलं बसतात. मऊवाल्याचा कॅन लॉन्ड्रीत परत गेला. कपडे साध्या साबणात एकदा धुतात आणि पाण्यातून दोनदा काढतात, बस. जाऊबाई कामावरून आल्या की साबणानं हात धुतात, कामाचे कपडे बदलतात आणि मुलीला घेतात. उगीच पुरावा आहे म्हणून वास अंगावर मिरवत बसायचं, असंही त्या करत नाहीत.

जाऊबाई नव्या लॉन्ड्रीत जायला लागल्यावर सकाळी मुंगीचं शाळेचं आवरणं सासूबाईंकडे आलं, आणि शाळेतून आली की संध्याकाळपर्यंत ती त्यांच्याकडेच असायची. एक दिवस जाऊबाई घरी आल्या तेव्हा मी वरच होते, मुंगीच्या गणवेशाची खालची शिवण उसवून द्यायला गेले होते. त्यांनी मुलीची वेणी बाजूला केली आणि मान बघितली. मानेभोवती लाल पट्टा उठला होता, पूर्वीसारखा. खाजवल्याचे ओरखडेही होते.

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. कुणी काही विचारायच्या आतच त्या बोलायला लागल्या. "मी काही नाही केलं. माझ्याकडे असताना झालं, पण मी काही नाही केलं. मी म्हातारी, मला कुठे काय कळतं. माझ्याकडे ठेवायलाच नको होती तिला. माझंच चुकलं." या बाईला मी कधी असं बघितलं नव्हतं. माझ्या जिभेवर एक वाक्य अगदी तयार होतं, वर्षभर जपून ठेवलेलं. मी ते गिळलं, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

"आई, चुकलं कुणाचं ते राहू द्या," जाऊबाई म्हणाल्या. "मानेला काय लावलंत?"

सासूबाई आत गेल्या आणि उशीखालून चांदीच्या कागदात गुंडाळलेला साबण घेऊन आल्या. फुलांच्या वासाचा, महागातला, कुणीतरी त्यांना भेट दिलेला. "पोरं तिच्याशेजारी बसायची नाहीत ना," त्या म्हणाल्या. "म्हटलं, छान वास आला तर बसतील. शाळेत जाताना रोज थोडा लावून पुसायचे."

जाऊबाईंनी साबण नाकाशी नेला. "वास छान आहे," त्या म्हणाल्या.

सासूबाईंनी भिंतीला हात टेकला. "आता मला पाठवणार?"

"कुठे?"

"लेकीकडे. तिला पाठवली होती ना आपण."

जाऊबाईंनी नेहमीसारखा वेळ घेतला. सासूबाई त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या, आणि तो वेळ त्यांना किती मोठा वाटत असेल ते मला दिसत होतं.

"कुणालाच कुठे पाठवायचं नाही," जाऊबाई म्हणाल्या. "साबण तेवढा पाठवू."

सासूबाई खुर्चीवर बसल्या आणि रडायला लागल्या. मुंगी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिनं आधी आजीकडे बघितलं, मग आईकडे.

"आजीला काय झालं?"

"घाबरली होती ती," जाऊबाई म्हणाल्या, आणि मलम आणायला आत गेल्या.